अंगठा न लागणाऱ्यांचीही नोंद ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कंपनीची खुर्ची सोडून मंत्रालयाच्या खुर्चीत बसलेल्या तंत्रज्ञांविषयीचा मजकूर आपल्या अंकात वाचला. जर्मनीने मे 2025 मध्ये डिजिटल कारभारासाठी स्वतंत्र मंत्रालय काढले आणि ते कार्स्टन विल्डबर्गर यांच्या हाती दिले. तोवर ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानसाखळी चालवणाऱ्या सेकोनॉमी कंपनीचे प्रमुख होते. युक्रेनचे मिखाइलो फेदोरोव्ह ऑनलाइन जाहिरातींची कंपनी चालवत होते, ते 2019 मध्ये 28व्या वर्षी डिजिटल मंत्री झाले. आपल्याकडे इन्फोसिसचे नंदन निलेकणी 2009 मध्ये आधार प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. ते मंत्री नव्हते, पण दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा होता. इंटेलमध्ये चिपवर काम केलेले आणि पुढे बीपीएल मोबाइल काढलेले राजीव चंद्रशेखर 2021 ते 2024 माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री होते. त्याच खात्याचे कॅबिनेट मंत्री अश्विनी वैष्णव सनदी सेवा सोडून जीई, सीमेन्स अशा कंपन्यांत वरिष्ठ पदांवर राहून मग राजकारणात आले.

अशी माणसे सरकारात यावीत, याबद्दल आम्हा सोलापूरच्या सेवा केंद्रचालकांचे दुमत नाही. सर्व्हर कशाशी खातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला "सिस्टीम स्लो आहे" एवढे सांगून कोणी वाटेला लावू शकत नाही. पण कंपनीत वाढलेला माणूस झालेले व्यवहार मोजतो. ज्याचा व्यवहार झाला नाही तो ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो आणि हिशेबातून आपोआप सुटतो. रेशनकार्डवाल्या बाईला ती सोय नाही. कुठल्याही दुकानातून धान्य घेण्याच्या सोयीमुळे (पोर्टेबिलिटी) दुसरे दुकान मिळेल, पण अंगठा तपासणारे मशीन तिथेही तेच. म्हणून मंत्र्याने किती कोटी व्यवहार केले यापेक्षा, फसलेल्या व्यवहाराचे पुढे काय होते हे त्याने सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवले आहे का, हे आम्हाला विचारावेसे वाटते. सोलापुरात या प्रश्नाला फार अर्थ आहे.

डिसेंबर 2023 मधली केरळची गोष्ट घ्या. कोट्टायम जिल्ह्यातल्या एका महिलेला हाताची बोटे नसल्याने आधार मिळत नव्हते. चंद्रशेखर यांनी लक्ष घातल्यावर प्राधिकरणाचे लोक तिच्या घरी गेले आणि त्याच दिवशी तिला आधार क्रमांक मिळाला. बोटांचे ठसे देता येत नसतील तर फक्त बुबुळांवर नोंदणी करा, हेही त्या वेळी पुन्हा सर्व केंद्रांना कळवले गेले. मंत्र्यांनी चांगलेच काम केले. पण सरकारने त्या वेळी काढलेल्या निवेदनात आणखी एक माहिती होती: अशा अपवादात्मक नोंदणीची पद्धत 2014 पासून अस्तित्वात आहे, आणि बोट किंवा बुबुळ देता न येणाऱ्या सुमारे 29 लाख लोकांना तोवर आधार दिलेही गेले होते. म्हणजे नियम होता, सॉफ्टवेअरमध्ये सोय होती, समोर बसलेल्या ऑपरेटरने ती वापरली नाही. एका बाईसाठी मंत्र्याला फोन फिरवावा लागला. प्रत्येकीसाठी मंत्री कुठून आणायचा?

आता सोलापूर. पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड ते कुंभारीच्या विडी घरकुलापर्यंत, विड्या वळणाऱ्या बायका घरटी सापडतात. तेंदूचे पान भिजवून फडक्यात गुंडाळून मऊ करायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनीच्या पेरांत धरून वळायचे, तोंडाची कड नखाने किंवा लोखंडी टोच्याने आत दुमडायची आणि दोरा बांधायचा. मजुरी हजाराच्या हिशेबाने, त्यामुळे हात थांबत नाहीत. ओल्या पानाशी आणि तंबाखूच्या भुकटीशी तीच तीन-चार पेरे वर्षानुवर्षे घासली गेली की ठशाच्या रेषा सपाट होतात, कातडी कोरडी पडून चिरते. आणि दुकानातल्या मशीनवर माणूस आधी ठेवतो ते नेमके हेच अंगठे आणि हीच तर्जनी.

इथे थोडे बारकाईने सांगतो, कारण बरेचसे काम याच ठिकाणी अडते किंवा निभते. विडीवालीचा अंगठा लागत नसेल तर डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आधी घ्या. वळताना त्यांचा वापर कमी, त्यामुळे रेषा शाबूत राहिलेल्या असतात. बोट साध्या पाण्याने धुऊन, पुसून, किंचित दमट असतानाच ठेवायचे. सॅनिटायझर लावू नका, कातडी आणखी कोरडी होते. खोबरेल तेलही नको, काच चिकट होऊन पुढच्या दहा जणांची बोटे अडतात. बोट आडवे, सपाट आणि हलके ठेवायचे. "जोरात दाबा" असे सगळीकडे सांगतात, पण दाबल्यावर उरल्यासुरल्या रेषाही एकमेकींत मिसळतात. मशीनवर थेट ऊन पडत असेल तर ते सावलीत घ्या. 2023 पासून ठशाची तपासणी अधिक कडक झाली आहे. रेषांच्या खुणांसोबत बोटाचे चित्रही तपासून बोट जिवंत माणसाचे आहे ना, हे यंत्र ठरवते. रबरी ठशांनी होणारी लबाडी थांबवायला हे हवेच होते, मात्र झिजलेल्या बोटांना त्याचा फटका बसतो.

एवढे करूनही लागले नाही तर पडद्यावर एक कोड येतो आणि क्षणात जातो. काउंटरवरचा माणूस सगळ्याला एकच उत्तर देतो, "थंब येत नाही, नंतर या." वास्तविक 300 आला तर बायोमेट्रिक जुळले नाही असा अर्थ. तेव्हा दुसरे बोट, मग बुबुळ, आणि तेही नाही तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्यायचे. त्याला आता 125 रुपये लागतात. 330 आला तर बायोमेट्रिक लॉक केलेले आहे. घरातल्या कुणी तरी मोबाइलवर ते लॉक करून ठेवलेले असते आणि बाईला त्याचा पत्ता नसतो. ते अनलॉक केले की काम होते, नंतर येऊन काहीच होणार नाही. 811 आला तर त्या आधारवर बायोमेट्रिकची नोंदच सापडत नाही. अशा बाईने शंभर वेळा बोट ठेवले तरी उपयोग नाही, तिने आधार केंद्रच गाठले पाहिजे. तीन आजारांवर "नंतर या" ही एकच पुडी दिली जाते.

रेशनच्या बाबतीत नियम इतका स्पष्ट आहे की वाद घालायला जागा नाही. आधार प्राधिकरणाने 24 ऑक्टोबर 2017 रोजी परिपत्रक काढून अपवादांची वाट आखून दिली. बोट नाही लागले तर बुबुळ, नाही तर मोबाइलवर ओटीपी, आणि काहीच जमले नाही तर आधार पाहून धान्य द्यायचे व त्याची नोंद अपवाद-वहीत करायची. बोट लागले नाही म्हणून कुणाला उपाशी परत पाठवायचे नाही. पण वही ठेवणे दुकानदाराच्या मर्जीवर सोडले आहे. त्याची बाजूही समजून घ्या. वहीत नोंद करून दिलेल्या धान्याचा हिशेब मशीनच्या हिशेबाशी जुळला नाही तर तपासणीत उत्तर त्यालाच द्यावे लागते. म्हणून तो वही काढतच नाही. हेच काम ई-पॉसच्या, म्हणजे रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनच्या, पडद्यावर असते तर? तीन बोटे फसली की पडदा आपोआप बुबुळावर जावा, मग ओटीपीवर, मग अपवाद-नोंदीवर, आणि साठ्यातून धान्य तिथेच वजा व्हावे. दुकानदाराला जबाबदारी नाही, बाईला विनवणी नाही. याला नवा कायदा लागत नाही की नवे मशीन लागत नाही. कंपनीत सॉफ्टवेअर बनवून घेतलेल्या मंत्र्याला हे सांगावेही लागू नये.

चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आली हे बरे झाले. रेशनची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, "मेरा ई-केवायसी" अॅपवरून घरबसल्या करता येते. मात्र खिडकीकडे पाठ करून बसवले की चेहरा काळा दिसतो आणि नापास होतो. उजेड समोरून हवा, चेहरा टिपणारे फेस-आरडी अॅप अद्ययावत हवे आणि पापण्या मिटायला सांगेल तेव्हा मिटायच्या. आधारवरचा फोटो 2011-12 मधला असेल आणि तेव्हापासून बाईचे दात गेले, वजन निम्म्यावर आले, तर आधी फोटो बदलून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर कधी कधी बुबुळही अडते.

बोटांइतकाच, किंबहुना जास्त, घोळ नावांचा आहे. तेलुगूभाषक पद्मशाली घरांत माहेरचे नाव तेलुगू वळणाचे, आडनाव आधी. लग्नानंतर मराठी पद्धतीने स्वतःचे, नवऱ्याचे, मग आडनाव. विडी कारखान्याच्या कार्डावर मुकादमाला ऐकू आले तसे. शाळेचा दाखला असलाच तर तेलुगू माध्यमाचा. मग नरसव्वा, नरसम्मा, नरसाबाई अशी एकाच बाईची तीन नावे तीन कागदांवर सापडतात, आणि लक्ष्मीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक्स तर दुसरीकडे के-एस-एच. माणसाला यात काही खटकत नाही. संगणक अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो आणि ही दोन माणसे आहेत असे ठरवून मोकळा होतो. त्यात अडकतो तो पीएफ आणि पेन्शन. पेन्शन तरी केवढी, 2014 पासून किमान 1000 रुपये ठरलेली.

दुरुस्तीला बसताना क्रम चुकला तर बाई कायमची अडकते, म्हणून तो नीट पाळावा. आधी आधार, पॅन, बँक पासबुक, रेशनकार्ड, पीएफचा यूएएन (सभासदाचा कायमचा क्रमांक) आणि कारखान्याचे कार्ड समोर मांडून सगळी स्पेलिंगे एका कागदावर उतरवा. पीएफची दुरुस्ती आधारप्रमाणे होते, म्हणून आधारवरचे नाव पाया धरा. ते चालण्यासारखे असेल तर त्याला हातच लावू नका, बाकीचे त्याच्याशी जुळवा. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते, जन्मतारीख एकदाच. घाईत एक संधी वाया गेली की पुढच्या वेळी हात बांधलेले. नाव पूर्णच बदलायचे असेल तर राजपत्र मागतात. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारशी जोडलेला असेल तर जानेवारी 2025 पासून सभासद स्वतः ऑनलाइन दुरुस्ती करू शकतो. त्याआधीचा असेल तर मालकाची मंजुरी लागते. आपल्याकडच्या वयस्क विडी कामगार बहुतेक त्याआधीच्याच. कारखाना किंवा ब्रँच बंद पडली असेल तर संयुक्त घोषणापत्र कागदावर भरून अधिकृत व्यक्तीचे साक्षांकन घ्यायचे आणि पीएफ कार्यालयात द्यायचे. एजंट याचेच पैसे घेतात, फॉर्म फुकट असतो.

हयातीच्या दाखल्याचेही तसेच. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाला, आणि मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय 2021 पासून आहे. पण प्रमाण-आयडीचा मेसेज आला म्हणजे दाखला मंजूर झाला, असे नाही. पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांकाचा एक आकडा चुकला, किंवा पेन्शन देणारी संस्था म्हणून पीएफऐवजी बँक निवडली, तर दाखला तयार होतो आणि पुढे नाकारला जातो. बाईला कळते ते पेन्शन थांबल्यावर. म्हणून काही दिवसांनी त्याच आयडीने संकेतस्थळावर स्थिती पाहायचीच.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीतही अपवाद मागाहूनच सुचला. सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या या प्रक्रियेत बाईच्या आधारसोबत पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला. नवरा वारलेला, वडीलही हयात नाहीत, अशा बाईने काय करायचे? मुदत वाढवताना नोव्हेंबरमध्ये त्याचे उत्तर आले: तिने स्वतःपुरती ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला द्यावा. तोवर विधवा बायका केंद्रांचे उंबरे झिजवत होत्या. फॉर्म बनवणाऱ्याने सोलापुरातल्या कुठल्याही एका गल्लीत तो आधी भरून पाहिला असता तर पहिल्या तासाभरात ही अडचण समोर आली असती.

पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचे कारण बहुधा वेगळेच असते. बँकेत आधार नुसते केवायसीला दिलेले असते, सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी (डीबीटी) जोडलेले नसते. किंवा शेवटचे जोडलेले खाते भलतेच असते, कारण बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत एका आधारला एकच बँक चालते आणि शेवटी जोडलेली खरी. आधारच्या मायआधार संकेतस्थळावर "बँक सीडिंग", म्हणजे कोणते खाते जोडले आहे ते, पाहा, किंवा साध्या फोनवरून *99*99*1# लावा.

बाहेरच्या उदाहरणांतून घ्यायचे तर मंत्र्यांच्या वयाचे किंवा टी-शर्टचे कौतुक नको, पडद्यामागे काय आहे ते पाहावे. फेदोरोव्ह यांचे सरकारी सेवांचे दिया अॅप फेब्रुवारी 2020 मध्ये आले. त्यात ओळखपत्रापासून गाडीच्या कागदांपर्यंत सगळे दिसते, पण अॅपमध्ये स्वतःची माहिती साठवलेली नसते. ते निरनिराळ्या सरकारी नोंदवह्यांतून ती त्या त्या वेळी उचलते. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या न्याय खात्याच्या नोंदवह्यांवर मोठा सायबर हल्ला झाला आणि त्या कित्येक आठवडे बंद राहिल्या. त्यांच्यावर चालणाऱ्या अॅपमधल्या सेवाही तोवर ठप्प. अॅप मात्र धडधाकट होते. जर्मनीने 2017 मध्ये कायदा करून 575 सेवा 2022 अखेर ऑनलाइन करायच्या ठरवल्या, ते जमले नाही. केंद्र, राज्ये आणि नगरपालिका यांची दप्तरे वेगवेगळ्या घरांत नांदत असताना वरवर फॉर्म ऑनलाइन करून भागत नाही, हे विल्डबर्गर यांच्या वाट्याला आलेले दुखणे आहे. आपले दुखणे उलट आहे. आपल्याकडे जोडणी झाली, पण जोडलेल्या दप्तरांत एकच नाव तीन तऱ्हेने लिहिलेले आहे.

यात वैष्णव यांच्या खात्याने करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, पडताळणी फसली की पावती. ई-पॉसमध्ये कागदाचे रीळ असतेच. व्यवहार झाला तर पावती निघते, फसला तर काही निघत नाही. फसल्यावरही तारीख, वेळ, कोड आणि "आता काय करा" याची एक ओळ छापून निघावी, सोलापुरात ती मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावी. हातात कागद असला की बाईला पुढच्या काउंटरवर पहिल्यापासून गाणे गावे लागत नाही. दुसरी, जिल्हावार आणि दुकानवार फसलेल्या पडताळण्यांचा आकडा दरमहा जाहीर व्हावा. यशस्वी व्यवहारांचा होतोच ना? फसलेल्यांची नोंद सर्व्हरवर असते. जाहीर करायची तयारी असली की झाले. पूर्व भागातल्या एखाद्या दुकानाचा आकडा शहरातल्या इतर दुकानांपेक्षा वर गेला की तिथे बुबुळाचे यंत्र द्यायचे, हे एखादा तहसील कार्यालयातला कारकूनही ठरवू शकेल.

आणि जिल्हा पातळीवर एक काम मंत्र्यांची वाट न पाहता करता येईल. पीएफ कार्यालये "निधी आपके निकट" हे शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेला घेतात. सोलापूरचे शिबिर विडी घरकुलात किंवा पूर्व भागात भरवावे आणि त्याच मांडवात आधारचा एक संच बुबुळाच्या यंत्रासह, बँकेचा सीडिंग करणारा माणूस आणि साक्षांकनाचा अधिकार असलेला एक अधिकारी बसवावा. चौघे एका जागी नसतील तर बाईच्या चार चकरा आणि चार दिवसांची मजुरी जाते. हे शिबिर नोव्हेंबरमध्ये मात्र नको. त्या महिन्यात सरकारी पेन्शनरांची गर्दी असते, आणि पीएफ पेन्शनचा हयातीचा दाखला वर्षात केव्हाही दिला तरी त्या दिवसापासून 12 महिने चालतो. ज्येष्ठ-आषाढात घेतले तर सर्व्हरलाही उसंत असते आणि दाखला नाकारला गेला तर तो पुन्हा द्यायला हाती वेळ राहतो.

आपले,
सोलापूरच्या पूर्व भागातील काही सेवा केंद्रचालक